दहा मेगाहर्ट्‌झ, पण कुणाच्या हिशेबाने? हौशी वर्कबेंचसाठी फ्रिक्वेन्सी रेफरन्स निवडताना

फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर ९.९९९९६२ हा आकडा दिसला आणि मी स्क्रूड्रायव्हर उचलला. समोरचा ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर देणारं सर्किट) १० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे ३८ हर्ट्‌झने कमी भरत होता. ट्रिमर (फ्रिक्वेन्सी जुळवायचा स्क्रू) केसभर फिरवला, शेवटचे अंक शून्यावर आणले आणि समाधानाने झाकण लावलं. दोन दिवसांनी कळलं की ऑसिलेटर मुळात बरोबर होता, चुकत होता तो काउंटर. त्याच्या आतला क्रिस्टल ३.८ पीपीएमने (दहा लाखांत ३.८) पुढे धावत होता, त्यामुळे त्याचा ‘सेकंद’ जरा आखूड पडायचा आणि आखूड सेकंदात ठोकेही कमीच मोजले जायचे. चांगला ऑसिलेटर मी स्वतःच्या हाताने बिघडवला होता.

काउंटर, सिग्नल जनरेटर, स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर ही सगळी यंत्रं शेवटी आतल्या एका क्रिस्टलवर विश्वास टाकून बोलतात. बऱ्याच यंत्रांच्या पाठीमागे बाहेरचा रेफरन्स, म्हणजे खात्रीची फ्रिक्वेन्सी, घेण्यासाठी एक बीएनसी सॉकेट असतं, बहुतेक वेळा १० मेगाहर्ट्‌झचं (काही जुन्या यंत्रांना ५ किंवा १ मेगाहर्ट्‌झ लागतो). तिथे एकच चांगला रेफरन्स जोडला की सगळी यंत्रं एका सुरात बोलू लागतात. तो रेफरन्स कसा निवडायचा, जोडायचा आणि तपासायचा, ते क्रमाने पाहू.

पायरी १: किती अंक हवेत ते आधी ठरवा

१ पीपीएम म्हणजे दहा लाखांत १. दहा मेगाहर्ट्‌झवर ही चूक १० हर्ट्‌झची. मायक्रोकंट्रोलरची घड्याळं, ऑडिओ, सिरियल पोर्ट या कामांसाठी इतकी चूक कुणाला कळतही नाही, आणि काम तेवढंच असेल तर बाहेरचा रेफरन्स हवाच कशाला?

एचएफ (शॉर्टवेव्ह) रेडिओवर चित्र थोडं बदलतं. एफटी८ या डिजिटल पद्धतीत दोन सुरांमधलं अंतर ६.२५ हर्ट्‌झ असतं. तिथे एकूण चूक फारशी आड येत नाही, पण एका प्रक्षेपणाच्या जेमतेम तेरा सेकंदांत फ्रिक्वेन्सी सरकली तर समोरच्याचं डिकोडिंग फसतं. चांगला टीसीएक्सओ (तापमानाची चूक भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) यासाठी पुरतो.

खरी गरज मायक्रोवेव्हवर लागते. क्यूओ-१०० या उपग्रहावरच्या हौशी रेडिओ ट्रान्सपॉन्डरचा सिग्नल १०.४८९ गिगाहर्ट्‌झच्या आसपास खाली येतो. तिथे १ पीपीएम म्हणजे साधारण १०.५ किलोहर्ट्‌झ. एसएसबी (हौशी रेडिओवर बोलायची एक पद्धत) आवाजाची रुंदीच अडीच-तीन किलोहर्ट्‌झ, म्हणजे बोलणारा माणूस तुमच्या डायलवर भलतीकडेच कुठेतरी असणार.

आता स्वतःच्या काउंटरकडे पाहा. साध्या पद्धतीने मोजणारा काउंटर १ सेकंदाच्या गेटमध्ये (मोजायच्या मुदतीत) १ हर्ट्‌झ इतकंच वेगळेपण दाखवतो, म्हणजे १० मेगाहर्ट्‌झवर ०.१ पीपीएम. अशा काउंटरला रुबिडियम (अणुघड्याळाचा रेफरन्स) जोडला तरी शेवटचा अंक तसाच डळमळत राहणार. म्हणून आधी हे लिहून काढा: सर्वात वरची फ्रिक्वेन्सी कोणती, तिथे किती हर्ट्‌झची चूक चालेल, आणि दुसरीला पहिलीने भागून काय येतं. त्या भागाकाराच्या दहापट चांगला रेफरन्स पुरेसा असतो. शंभरपट चांगला घेतलात तर ती हौस समजा. हौसेला माझी हरकत नाही.

पायरी २: अचूक आणि स्थिर यांत गल्लत नको

एक घड्याळ रोज बरोबर पाच सेकंद पुढे जातं, न चुकता, वर्षभर. दुसरं कधी दोन सेकंद पुढे, कधी तीन सेकंद मागे, पण महिन्याचा हिशेब केला तर बरोबर. पहिलं स्थिर आहे, अचूक नाही. दुसरं लांबच्या मुदतीत अचूक, पण आज किती वाजले हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. वर्कबेंचवर पहिलं घड्याळ जास्त कामाचं, कारण त्याची चूक एकदा मोजून वजा करता येते.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: अचूकता उसनी आणता येते, स्थिरता ऑसिलेटरच्या अंगातच असावी लागते. उपग्रहाकडून, मित्राच्या रुबिडियमकडून, रेडिओवरच्या वेळ-केंद्राकडून आपण बरोबर फ्रिक्वेन्सी घेऊ शकतो. पण पुढच्या एका सेकंदात, दहा सेकंदांत ऑसिलेटर किती थरथरेल, ते त्याच्या क्रिस्टलवर आणि त्याला ऊब देणाऱ्या ओव्हनवरच ठरतं.

ही थरथर मोजायला १९६६ साली डेव्हिड अ‍ॅलन यांनी मांडलेलं माप वापरतात, अ‍ॅलन डेव्हिएशन. डेटाशीटमध्ये ते ‘१ सेकंदाला इतकं’ असं दिलेलं असतं. त्याच्याच जोडीला फेज नॉइज, म्हणजे सिग्नलच्या आजूबाजूला पसरणारी खरखर. फ्रिक्वेन्सी वर गुणत नेली की फेज नॉइजही वाढतो: १० मेगाहर्ट्‌झवरून १० गिगाहर्ट्‌झला गेलात तर हजारपट, म्हणजे ६० डेसिबल. रेफरन्सच गढूळ असेल तर वरचा सिग्नल स्वच्छ होणार कुठून?

थोडक्यात डेटाशीटमध्ये चार आकडे शोधा: तापमानाने होणारा बदल, रोजचं आणि वर्षाचं एजिंग (वयानुसार फ्रिक्वेन्सी सरकणं), १ सेकंदाचं अ‍ॅलन डेव्हिएशन, आणि फेज नॉइज. जाहिरातीत ठळक छापलेला ‘अचूकता’ हा आकडा सगळ्यात शेवटी पाहायचा.

पायरी ३: उमेदवार ओळखून घ्या

साधा क्रिस्टल ऑसिलेटर २० ते १०० पीपीएमच्या घरातला. रेफरन्स म्हणून त्याचा विचार नको.

टीसीएक्सओमध्ये तापमान मोजून क्रिस्टलची चूक तिथल्या तिथे भरून काढतात. अर्धा ते अडीच पीपीएम ही त्याची नेहमीची पट्टी. छोटा, कमी वीज खाणारा, लगेच तयार. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रासाठी हाच. तो दुरुस्त्या बारीक पायऱ्यांनी करत असेल तर खोलीचं तापमान बदलताना फ्रिक्वेन्सी किंचित उड्या मारते, आणि दहा अंकी काउंटरवर त्या दिसतात.

ओसीएक्सओ मला सगळ्यात जवळचा. यात क्रिस्टलला एका बारक्या भट्टीत ठेवतात आणि तापमान ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास धरून ठेवतात. हे तापमान उगाच निवडलेलं नसतं. प्रत्येक क्रिस्टलच्या तापमान-वक्रात एक जागा अशी असते की तिथे वक्र आडवा होतो, आणि तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी फ्रिक्वेन्सी हलत नाही. भट्टी त्या जागेवर बसवतात. क्रिस्टल कसा कापलाय यावरही बरंच ठरतं: जुना एटी-कट आणि नंतर आलेला एससी-कट. तापमान झपकन बदललं तरी एससी-कट फारसा बिचकत नाही, म्हणून चांगल्या ओसीएक्सओमध्ये तोच असतो. एचपी कंपनीचा १०८११ हा जुना, नावाजलेला नमुना. त्याचं रोजचं एजिंग दोन अब्जांत १ हून कमी असं दिलेलं आहे. म्हणजे १० मेगाहर्ट्‌झवर दिवसाला ०.००५ हर्ट्‌झ.

ओसीएक्सओच्या काही खोडी आधीच माहीत असाव्यात. बंद करून पुन्हा चालू केला की तो नेमका जुन्या जागी परत येत नाही, थोडा बाजूला बसतो. याला रीट्रेस म्हणतात, आणि म्हणूनच तो कायम चालू ठेवायचा. दुसरी खोडी गमतीची आहे: डबा उलटा करा, फ्रिक्वेन्सी बदलते. गुरुत्वाकर्षणाचा ताण क्रिस्टलवर उलट बाजूने पडतो आणि अब्जात एक-दोन इतका फरक दिसतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वायर सैल आहे असं समजून सगळे सोल्डर जोड पुन्हा केले होते.

रुबिडियमचं नाव मोठं. ‘अणुघड्याळ’ म्हटलं की डोळे विस्फारतात. पण आत काय चालतं ते पाहा. रुबिडियम-८७ चा दिवा, त्याच वायूची एक कुपी, आणि प्रकाश मोजणारा एक डोळा. सुमारे ६.८३४६८ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी कुपीत सोडल्या की पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित मंदावतो. इलेक्ट्रॉनिक्स ती मंदावण्याची जागा धरून ठेवतं आणि एका क्रिस्टल ऑसिलेटरला त्या जागेला बांधतं. बाहेर मिळणारे १० मेगाहर्ट्‌झ त्या क्रिस्टलचेच असतात. त्यामुळे सेकंदभराच्या मोजणीत उत्तम ओसीएक्सओ साध्या रुबिडियमला सहज मागे टाकतो. रुबिडियमचं बळ महिन्यांच्या हिशेबात आहे. तरीही तो स्वतः मूळ मानक नव्हे. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियम-१३३ वर आहे, ९,१९२,६३१,७७० आवर्तनं. रुबिडियमही सरकतो आणि त्यालाही मधूनमधून कशाशी तरी ताडून पाहावं लागतं. शिवाय दिवा म्हातारा होतो आणि डबा तापतो. हीटसिंक न लावता टेबलावर ठेवलेला रुबिडियम म्हणजे दिव्याचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं.

आता जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या तालावर ठेवलेला ऑसिलेटर. कल्पना अशी: उपग्रहांत अणुघड्याळं आहेत, जमिनीवरून त्यांची सतत निगराणी होते, आणि साधा रिसीव्हर दर सेकंदाला एक ठोका देतो. तो ठोका काही नॅनोसेकंदांनी मागेपुढे होतो, म्हणून सेकंदाच्या मोजणीत तो ओसीएक्सओपुढे फिका. पण दिवसभराची सरासरी घेतली की लाख कोटींत एकच्या आसपास पोचता येतं. म्हणून ओसीएक्सओला उपग्रहाच्या ठोक्याशी ताडत राहायचं आणि त्याच्या कंट्रोल व्होल्टेजवर (फ्रिक्वेन्सी किंचित हलवणाऱ्या व्होल्टेजवर) अगदी हलक्या हाताने दुरुस्ती करायची. मिनिटांपर्यंत ओसीएक्सओचं ऐकायचं, तासांनंतर उपग्रहाचं. स्थिरता घरची, अचूकता उसनी, ही वाटणी इथे यंत्रातच बसवलेली आहे.

जाता जाता एक गोष्ट. उपग्रहातलं घड्याळ वर जास्त वेगाने चालतं, सापेक्षतेमुळे दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे. म्हणून १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी ते जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ वर लावून पाठवतात. आपल्या टेबलावरच्या दहाव्या अंकात आइन्स्टाइनचा हिशेब येऊन बसलेला असतो.

पायरी ४: ‘जीपीएस’ नाव पाहून भुलू नका

स्वस्तातल्या काही डब्यांमध्ये ओसीएक्सओ नसतोच. आत एक जीपीएस मॉड्यूल असतं आणि त्याच्या टाइमपल्स पिनवर थेट १० मेगाहर्ट्‌झ लावून दिलेले असतात. कागदोपत्री सरासरी बिनचूक. स्कोपवर (लहर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) मात्र बिंग फुटतं.

यू-ब्लॉक्स कंपनीच्या या वर्गातल्या मॉड्यूलचं आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्‌झचं असतं. ४८ ला १० ने पूर्ण भाग जात नाही. मग मॉड्यूल काय करतं? चार आवर्तनं पाच-पाच ठोक्यांची काढतं आणि एक चार ठोक्यांचं. म्हणजे साधारण १०४ नॅनोसेकंदांची चार आणि ८३ नॅनोसेकंदांचं एक. सरासरी १०० नॅनोसेकंद, पण एकही आवर्तन १०० चं नाही! हा सिग्नल स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरला दिला तर भलत्या जागी रेषा उगवतात. तेच मॉड्यूल ८ मेगाहर्ट्‌झवर ठेवलं की भाग नीट जातो आणि लहर बरीच साफ दिसते, तरी अधूनमधून दुरुस्तीचे धक्के बसतातच.

म्हणून घेण्याआधी आत ओसीएक्सओ आहे का ते विचारा. डब्याला हात लावून तो कोमट लागतो का पाहा, आणि स्कोपवर कडा दुहेरी दिसते का ते तपासा.

पायरी ५: माझी निवड सांगायची तर

एकच काउंटर आणि एक जनरेटर असेल, तर चांगला वापरलेला ओसीएक्सओ, कायम चालू ठेवलेला, आणि वर्षातून दोनदा कशाशी तरी ताडून पाहिलेला. नव्वद टक्के हौशी कामं यात भागतात. मायक्रोवेव्हचं वेड असेल किंवा ताडून पाहण्याची कटकट नको असेल, तर ओसीएक्सओवाला जीपीएसडीओ. रुबिडियम त्यांच्यासाठी ज्यांना आकाश दिसत नाही, किंवा ज्यांना रेफरन्स गाडीत घालून डोंगरावर न्यायचा आहे: तो काही मिनिटांत लॉक होतो (अणूंच्या फ्रिक्वेन्सीला जुळतो), ओसीएक्सओला मात्र नीट बसायला दिवस लागू शकतात.

पायरी ६: वापरलेला माल घेताना

मोबाइल टॉवरच्या जुन्या उपकरणांतून काढलेले ओसीएक्सओ, रुबिडियम आणि जीपीएसडीओ खूप फिरतात. ते वाईट नसतात. उलट वर्षानुवर्षं चालू राहिलेला क्रिस्टल एजिंगच्या बाबतीत चांगला निवळलेला असतो. फक्त काही गोष्टी पाहून घ्या.

ओसीएक्सओला सप्लाय देताना करंट मीटर लावा. सुरुवातीला करंट भरपूर, आणि काही मिनिटांत तो झपकन उतरून एका जागी थांबला पाहिजे. उतरलाच नाही तर भट्टीचं नियंत्रण गेलंय. मुळात वाढलाच नाही तर हीटर गेलाय. त्यानंतर कंट्रोल व्होल्टेजची पिन मधोमध ठेवा आणि फ्रिक्वेन्सी बघा. पूर्ण पट्टा फिरवूनही बरोबर १० मेगाहर्ट्‌झ गाठता येत नसतील, तर क्रिस्टल इतका म्हातारा झालाय की तो आता पट्ट्याबाहेर गेला. एखाद्या ओसीएक्सओचा कंट्रोल ० ते ५ व्होल्ट असतो, १०८११ चा उणे ५ ते अधिक ५, तेव्हा डेटाशीट न बघता व्होल्टेज देऊ नका.

रुबिडियममध्ये लॉकची खूण किती वेळात येते ते पाहा. एलपीआरओ-१०१ या रुबिडियममध्ये दिव्याचा व्होल्टेज पाहण्यासाठी वेगळी पिन आहे, तिच्यावरून दिव्याची तब्येत कळते. तो २४ व्होल्टवर चालतो. एफई-५६८०ए हा रुबिडियम मात्र एकाच नावाखाली अनेक अवतारांत मिळतो. पिन वेगळ्या, सप्लाय वेगळा, कधी आउटपुटही वेगळं. नाव पाहून वायर जोडायची नाही, प्रत्यक्ष लेबल पाहून जोडायची.

ट्रिंबल कंपनीचा थंडरबोल्ट हा जीपीएसडीओ घेतलात आणि त्याने तारीख साफ चुकीची दाखवली, तर घाबरू नका. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १०२४ नंतर पुन्हा शून्यावर येतो, आणि थंडरबोल्टचा आतला हिशेब ३० जुलै २०१७ ला उलटला. १० मेगाहर्ट्‌झ आउटपुटला त्याने काहीही होत नाही.

पायरी ७: जोडणी

सप्लाय शांत हवा. स्विचिंग सप्लायची खरखर कंट्रोल व्होल्टेजमध्ये शिरली की ती थेट फ्रिक्वेन्सीत उतरते. लिनियर रेग्युलेटर, जवळच कपॅसिटर, आणि कंट्रोल व्होल्टेजसाठी वेगळा स्वच्छ रेफरन्स. डबा पंख्याच्या वाऱ्यात किंवा उन्हात नको. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याने झाकलात तरी फरक दिसतो. फक्त रुबिडियमला कोंडू नका.

अँटेनाला आकाश जितकं मोकळं दिसेल तितकं बरं. जीपीएसडीओला एकदा त्याची जागा नीट मोजू द्या. मग तो ती जागा पक्की धरून फक्त वेळेचा हिशेब करतो, आणि ठोका बराच सुधारतो. केबल किती लांब याची काळजी फ्रिक्वेन्सीसाठी करू नका. लांब केबलने ठोका काही नॅनोसेकंद उशिरा येतो, पण दर वेळी तेवढाच उशिरा. दोन ठोक्यांमधलं अंतर बदलत नाही.

एका आउटपुटला टी-जोड लावून चार यंत्रांना वाटू नका. प्रत्येक फांदीवरून परावर्तन येतं, आणि एक यंत्र बंद केलं की बाकीच्यांची पातळी बदलते. छोटा डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर बांधा, प्रत्येक आउटपुट वेगळ्या बफरमधून. जुना व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायरही चालतो. तो ७५ ओहमचा असला तरी अडत नाही, फक्त त्याची बँडविड्थ १० मेगाहर्ट्‌झच्या वर असल्याची खात्री करा. पातळी मोजताना ५० ओहमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाला लावायचा रोधक) लावूनच मोजा, नाहीतर स्कोप दुप्पट दाखवेल. यंत्रायंत्रांत ग्राउंड लूपची गुणगुण जाणवली तर मध्ये बारका आरएफ ट्रान्सफॉर्मर टाका.

पायरी ८: ताडून पाहणं

यासाठी महागडा काउंटर लागत नाही, दोन चॅनेलचा साधा स्कोप पुरतो. रेफरन्स पहिल्या चॅनेलवर द्या आणि ट्रिगरही त्यावरच ठेवा. तपासायचा ऑसिलेटर दुसऱ्या चॅनेलवर. पहिली लहर जागेवर उभी राहते, दुसरी हळूहळू सरकते. डावीकडे सरकली तर तपासायचा ऑसिलेटर जलद, उजवीकडे तर संथ.

१० मेगाहर्ट्‌झचं एक आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं. घड्याळ लावून बसा. दुसरी लहर बरोबर एक आवर्तन सरकायला १ सेकंद लागला तर चूक कोटीत १, म्हणजे १ हर्ट्‌झ. १०० सेकंद लागले तर अब्जात १, म्हणजे ०.०१ हर्ट्‌झ. हजार सेकंद लागले तर दहा अब्जांत १. सतरा मिनिटांचा चहा आणि दहा अंक पदरात! यात स्कोपचं स्वतःचं घड्याळ चुकीचं असलं तरी बिघडत नाही, कारण आपण फक्त सरकणं पाहतोय.

रेफरन्स जीपीएसडीओ असेल तर दहा-वीस मिनिटांच्या निकालावर दहाव्या अंकापुढे विश्वास ठेवू नका, त्याची स्वतःचीच लहर काही नॅनोसेकंद डोलत असते. आणि जीपीएसडीओ नसून फक्त ठोका देणारं मॉड्यूल असेल, तर ओसीएक्सओच्या १० मेगाहर्ट्‌झला छोट्या मायक्रोकंट्रोलरने १ कोटीने भागा, म्हणजे त्याचाही सेकंदाला एक ठोका होईल. दोन ठोक्यांमधलं अंतर सकाळी लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लिहा. फरक ८.६४ मायक्रोसेकंद आला तर चूक दहा अब्जांत १. ठोका वीस नॅनोसेकंदांनी थरथरतो, पण दिवसभराच्या हिशेबात ती थरथर नगण्य.

चूक सापडली की लगेच ट्रिमरकडे हात नेऊ नका. ट्रिमर फिरवल्यावर ऑसिलेटर पुन्हा निवळायला वेळ घेतो, आणि एजिंगची नोंद तुटते ती वेगळीच. मी आता तारीख, खोलीचं तापमान आणि चूक एवढंच वहीत लिहितो, आणि मोजताना वजा करतो. दोन-चार महिन्यांच्या नोंदींतून एजिंगची रेघ इतकी सरळ निघते की पुढच्या महिन्याचा आकडा आधीच सांगता येतो. चूक कामाच्या आड येऊ लागली तरच स्क्रू.

सुरुवातीचा तो ऑसिलेटरही याच वहीत आहे. पहिली नोंद: ‘अधिक ३८ हर्ट्‌झ, माझ्यामुळे.’